'त्यांच्यासाठी शिक्षा' की 'शिक्षेसाठी ते'? गॉट्शाल्क प्रकरणाचा अभ्यास

इ.स. ८४९चा वसंत. वाझ नदीकाठच्या कियेर्झीच्या राजवाड्यात फ्रँकांचा राजा चार्ल्स, म्हणजे शार्लमेनचा नातू, बिशपांना घेऊन बसला होता. समोर चाळिशी गाठलेला एक मठवासी उभा होता. त्याचं नाव गॉट्शाल्क, मठ ऑर्बे. सभेने त्याला पाखंडी ठरवलं, त्याचं याजकपद काढून घेतलं आणि फटक्यांची शिक्षा फर्मावली. मारता मारता तो अर्धमेला झाला, तेव्हा त्याच्यासमोर जाळ पेटवण्यात आला. सभेपुढे मांडायची म्हणून शास्त्रातली आणि प्राचीन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पित्यांची वचनं त्याने एका चोपडीत उतरवून आणली होती. ती चोपडी त्याला स्वतःच्या हातांनी त्या जाळात टाकावी लागली.

हे वर्णन त्याच्या चाहत्यांनी केलेलं नाही. ते लियाँच्या मंडळीतून आलेल्या एका लेखात आहे आणि लियाँकरांना गॉट्शाल्कचं बोलणं अविचारी वाटत होतं. तरीही त्यांनी लिहिलं की आजवर पाखंड्यांना शब्दांनी आणि युक्तिवादाने निरुत्तर केलं जात असे, असं कधी कोणाला केलं नव्हतं. मतभेद असणाऱ्यांची ही साक्ष मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते.

त्या चोपडीतली वचनं ज्या एका विधानासाठी गोळा केली होती, ते विधान असं: देवाचं पूर्वनियोजन दुहेरी आहे. निवडलेल्यांना त्याने जीवनासाठी आगाऊ नेमलं आहे आणि त्यागलेल्यांना मरणासाठी. 'दुहेरी' हा शब्दही गॉट्शाल्कचा नव्हे. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या बिशप इसिदोरने तो वापरला होता आणि इसिदोरला कोणी पाखंडी म्हटलं नव्हतं. मग दोनशे वर्षांनी तोच शब्द उच्चारणाऱ्याच्या पाठीवर फटके का पडले?

बापाने दिलेला मुलगा

गॉट्शाल्क सॅक्सन होता, बर्न नावाच्या काउंटचा मुलगा. जन्म नवव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. सॅक्सनांचा मुलूख शार्लमेनने ७७२ ते ८०४ अशा तीस वर्षांच्या लढायांत जिंकला होता आणि तिथे बाप्तिस्मा तलवारीच्या पाठोपाठ गेला होता. हा मुलगा त्या जिंकलेल्या लोकांच्या पहिल्याच ख्रिस्ती पिढ्यांतला. बापाने त्याला लहानपणीच फुल्डाच्या मठाला अर्पण केलं. असं अर्पण तेव्हा रूढ होतं. वेदीपाशी आईबाप नवस बोलत, मुलाचा हात वेदीच्या वस्त्रात गुंडाळला जाई आणि तो नवस मुलाला जन्मभर बांधी.

फुल्डा ही विद्येची मोठी पेठ होती आणि राबानुस माउरुस तिथे मठाधिपती होता. गॉट्शाल्क काही काळ राइखेनाउच्या मठातही शिकला. तिथे पुढे कवी म्हणून नावारूपाला आलेला वालाफ्रिड स्ट्राबो त्याचा मित्र झाला. स्वतः गॉट्शाल्कही चांगला कवी होता. पण ८२९ साली, वय विशीच्या आसपास असताना, तो माइन्त्झच्या धर्मसभेपुढे उभा राहिला आणि म्हणाला की मला माझ्या इच्छेविरुद्ध मठवासी केलं आहे, मला सोडा. त्याने कायद्याचाही मुद्दा काढला. सॅक्सन माणसाचं स्वातंत्र्य जाणार असेल तर साक्षीदार सॅक्सनच हवेत, आणि माझ्या अर्पणाला तसे साक्षीदार नव्हते, असं त्याचं म्हणणं होतं. सभेने त्याचं ऐकलं. राबानुसने मात्र बादशहाकडे दाद मागितली आणि मुलांच्या अर्पणाच्या बाजूने एक अख्खा प्रबंध लिहिला. अखेरीस गॉट्शाल्कचा फुल्डा सुटला, पण मठवास सुटला नाही. कॉर्बी आणि मग ऑर्बे असा त्याचा प्रवास झाला.

हा पूर्वार्ध बरेच जण एका वाक्यात उरकतात. मी तो मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. पुढच्या निकालपत्रांत धर्मशास्त्राची भाषा असली, तरी ८४८मध्ये न्यायासनावर जो माणूस बसला होता त्याच्याच मठातून हा आरोपी एकोणीस वर्षांपूर्वी निसटला होता.

ऑर्बेत त्याने ऑगस्टीन, म्हणजे मंडळीच्या प्राचीन पित्यांतला एक थोर धर्मशास्त्री, वाचला आणि तो त्याच्या हाडीमाशी भिनला. ऑगस्टीनची गाठ पेलाजियसशी पडली होती. माणूस आपल्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो, असं पेलाजियस म्हणे. ऑगस्टीनचं उत्तर असं की आदामाच्या पतनानंतर इच्छा इतकी जखमी आहे की देवाकडे वळण्याची पहिली हालचालसुद्धा कृपेचीच असते. मग ती कृपा एकाला मिळते आणि दुसऱ्याला नाही, असं का? इथे ऑगस्टीन देवाच्या निवडीपाशी येऊन थांबतो आणि पौलाच्या शब्दांत तिच्या अथांगतेपुढे मान लववतो. सामान्य मंडळीने या शिकवणीचा सुखद भाग, म्हणजे कृपेचा भाग, उचलला आणि अवघड भाग पोथीत राहू दिला. ५२९ साली ऑरांजच्या धर्मसभेने कृपेचं अग्रस्थान मान्य केलं. देव कोणाला पाप करण्यासाठी नेमतो, या कल्पनेचा मात्र तिने निषेध केला. गॉट्शाल्कने पोथीत राहिलेला तो अवघड भाग मोठ्याने वाचला, एवढंच त्याने केलं.

त्याने तो इटलीत वाचला, फ्रिउलीच्या काउंट एबरहार्डच्या घरी राहून. मग डाल्मेशियात, क्रोएशियाचा शासक त्रपिमिर याच्या दरबारी. राबानुसने पत्रांमागून पत्रं धाडली. त्यांतली तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे, कारण ती पोकळ नव्हती. लोक म्हणू लागले आहेत, असं तो लिहितो, की मी देवाच्या सेवेत कशाला खपू? मरणासाठी नेमलेला असेन तर सुटणार नाही, आणि जीवनासाठी नेमलेला असेन तर पाप करूनही पोहोचेनच.

८४७मध्ये राबानुस माइन्त्झचा आर्चबिशप झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या धर्मसभेत गॉट्शाल्क स्वतःहून हजर झाला आणि त्याने राबानुसच्याच पत्रांवर कृपेला कमी लेखल्याचा आरोप ठेवला. सभेने त्याला दोषी ठरवलं, फटके दिले आणि 'भटका मठवासी' असा शेरा मारून रँसच्या आर्चबिशपकडे, हिंकमारकडे, पाठवून दिलं. भटकेपणाचा शेरा खोटा नव्हता. तो परवानगीविना हिंडला होता आणि त्याची याजकदीक्षाही आपल्या बिशपला डावलून झालेली होती. त्यापुढचं कियेर्झी वर सांगितलंच आहे.

एक विभक्ती

आता मूळ वादाकडे येऊ. त्याआधी एक खुलासा. इथे दैव, नशीब किंवा प्रारब्ध हे शब्द मनात आणू नयेत. दैवाला चेहरा नसतो. पूर्वनियोजनात नेमणारा कोणीतरी आहे, तो न्यायी आहे, तो प्रेमळ आहे, असं दोन्ही पक्ष मानतात. म्हणून तर पेच पडतो. दैवाला जाब विचारावासा वाटत नाही, देवाला वाटतो.

गॉट्शाल्कचा युक्तिवाद एका पायावर उभा आहे: देव बदलत नाही. शेवटच्या दिवशी तो दुष्टांना शिक्षा सुनावणार, हे सगळ्यांनाच मान्य आहे. हा निर्णय त्याने त्या दिवशी घेतला असं म्हटलं, तर त्या दिवशी त्याच्यात काहीतरी नवं घडलं, तो बदलला. तसं होत नसेल तर निर्णय अनादी आहे. अनादी निर्णयालाच पूर्वनियोजन म्हणतात. पापाबद्दल मात्र तो स्पष्ट आहे: देवाला पाप आधीपासून ठाऊक असतं, पण देव ते नेमत नाही. पाप माणसाचं आणि त्यावरचा न्याय देवाचा.

हिंकमारला 'देवाने माणसांना नाशासाठी नेमलं' हे वाक्य सहन होईना. त्याने वेगळी मांडणी केली: शिक्षा त्यांच्यासाठी नेमलेली आहे, ते शिक्षेसाठी नेमलेले नाहीत.

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. शब्द तेच आहेत. मराठीत 'साठी' इकडचा तिकडे जातो. लॅटिनमध्ये एकीकडे 'त्यांना' अशी चतुर्थी येते आणि दुसरीकडे 'शिक्षेकडे' असा शब्दयोग. फरक एवढाच. या एवढ्याशा फरकावर दहा-बारा वर्षं धर्मसभा भरल्या.

तर्काच्या कसोटीवर मला हिंकमारचं वाक्य टिकत नाही असं वाटतं. एखादा कायदा म्हणतो की चोराला अमुक शिक्षा. कायदा करणाऱ्याला चोर कोण निघणार हे माहीत नसतं, म्हणून शिक्षा नेमलेली असते आणि माणूस नेमलेला नसतो. इथे कायदा करणाराला तर प्रत्येक नाव अनादी काळापासून माहीत आहे. नाव माहीत असताना 'मी फक्त शिक्षा नेमली' असं म्हणण्यात फारसं अंतर उरत नाही. माहीत असणं म्हणजे करवणं नव्हे, हा हिंकमारचा मुद्दा खरा आहे. पण तो गॉट्शाल्कलाही मान्यच होता. त्याचं खंडन अशा माणसापुढे चाललं होतं जो ते विधान करतच नव्हता.

तरीही हिंकमारने विभक्ती उगाच बदलली नव्हती. त्याच्या वाक्यात आधी माणूस आहे, त्याचं पाप आहे आणि मग शिक्षा त्याला गाठते. गॉट्शाल्कच्या वाक्यात शिक्षा आधीच उभी आहे आणि माणूस तिच्या दिशेने चालत येतो. उपासनेला बसलेल्या साध्या माणसाच्या कानावर दुसरं वाक्य पडलं, तर तो 'मला यासाठीच घडवलं' असं ऐकेल. गॉट्शाल्क तसं म्हणत नव्हता, पण ऐकू तसंच येतं. उपदेश करणाऱ्याला आपलं वाक्य कसं ऐकू जाईल याचीही जबाबदारी घ्यावी लागते आणि ती त्याने पुरेशी घेतली असं मला म्हणवत नाही. लियाँचा आर्चबिशप अमोलो याने त्याला लिहिलेल्या पत्रात जी कळकळ आहे ती बरीचशी याच कारणाची.

हिंकमारचं ते आवडतं वाक्य आलं होतं एका ग्रंथातून. तो ग्रंथ ऑगस्टीनचा आहे, असं त्याने आणि राबानुसनेही धरून चाललं. तो ऑगस्टीनचा नव्हता. लियाँकरांनी ही गोष्ट दाखवून दिली. म्हणजे एका माणसाला ऑगस्टीनची खरी वचनं जाळायला लावून त्याच्यावर ऑगस्टीनच्या नावावर खपलेलं वचन लादलं गेलं होतं. हिंकमारने हे जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. त्या काळी पोथीवर जे नाव असे तेच खरं मानत. पण फटके आधी पडले आणि पोथीची तपासणी नंतर झाली. हा क्रम मात्र नजरेआड करता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या कुंडाशी

आता जिथे हिंकमारचं पारडं जड आहे तिथे येतो. देवाची निवड अचल असेल, तर ख्रिस्त कोणासाठी मेला? गॉट्शाल्क न अडखळता उत्तर देतो: निवडलेल्यांसाठी. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्यातल्या 'सर्व' या शब्दाचा अर्थ तो 'जे जे तारले जातात ते सर्व' असा लावतो. ऑगस्टीननेही ही वाट आधी चोखाळली होती.

पण मग बाप्तिस्मा घेऊनही जे पुढे नाश पावतात, त्यांचं काय? गॉट्शाल्क म्हणतो की बाप्तिस्म्याने ख्रिस्ताने त्यांना विकत घेतलं, त्यांची मागची पापं धुतली, पण त्यांच्यासाठी तो वधस्तंभावर गेला नाही.

हे वाक्य वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. कुंडापाशी उभ्या असलेल्या याजकाच्या हातात एक मूल आहे. त्या मुलाकडे पाहून 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला' असं त्याला म्हणता यायला हवं. गॉट्शाल्कच्या हिशेबात त्याला ते म्हणता येत नाही. 'तुला धुतलं' एवढंच म्हणता येतं, पुढचं देवाला ठाऊक. ही शिकवण कितीही काटेकोर असली तरी तिने बाप्तिस्म्यातून वधस्तंभ वेगळा काढला. पौल तर रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या मरणातच बाप्तिस्मा झाला असं म्हणतो. जी गोष्ट कुंडापाशी मोठ्याने बोलता येत नाही, ती मंडळीची शिकवण होऊ शकत नाही. हिंकमार हा विद्वान म्हणून पहिल्या रांगेत बसणारा नव्हता, कारभारी माणूस होता. पण कुंड, पापकबुली, प्रायश्चित्त यांचा रोजचा व्यवहार त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि त्या व्यवहारात 'तू वळ' हे वाक्य पोकळ होऊ नये, ही त्याची भीती रास्त होती.

आळसाचा आक्षेप मात्र मला तितका पटत नाही. लोक हातपाय गाळून बसतील, असं राबानुस म्हणत होता. या प्रकरणात अशा शिकवणीने जगलेला एकच माणूस आपल्याला जवळून दिसतो आणि तो कधीच हातपाय गाळून बसला नाही. तो हिंडला, शिकवत राहिला, काव्य आणि प्रार्थना लिहीत राहिला, मार खाऊनही हटला नाही. ज्याचा भार देवावर आहे त्याला उद्याची धास्ती नसते, म्हणून तो अधिक मोकळेपणाने राबतो, असा अनुभव ऑगस्टीनपासून अनेकांनी सांगितला आहे. एका माणसावरून हजारोंचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य. पण राबानुसने ज्या हजारोंच्या नावाने बोट दाखवलं, त्यांच्यातला एकही माणूस नावानिशी आपल्यासमोर येत नाही.

प्याला

हिंकमारला वाटलं होतं की ८४९मध्ये विषय मिटला. उलट तेव्हाच तो पेटला. कॉर्बीचा रात्रामनुस, फेरियेरचा लुपुस, त्र्वाचा बिशप प्रुडेन्शियस असे एकामागून एक जाणते लोक 'दुहेरी' शब्दाच्या बाजूने लिहू लागले. गांगरलेल्या हिंकमारने राजदरबारातल्या आयरिश पंडिताला, योहान एरियुगेनाला, उत्तर लिहायला सांगितलं. एरियुगेनाने १९ प्रकरणांचा ग्रंथ लिहिला आणि वादाची जागाच बदलून टाकली: पाप म्हणजे अभाव, जे नाहीच ते देव नेमणार कसं, आणि पाप्याची शिक्षा त्याच्या पापातच असते. दोन्ही पक्ष हादरले. पुढे वालाँसच्या धर्मसभेने या ग्रंथाची 'आयरिश लापशी' म्हणून बोळवण केली. हिंकमारने तो ग्रंथ मागवल्याचा पुढे उच्चारही टाळला.

८५३ साली कियेर्झीतच पुन्हा सभा भरली आणि हिंकमारने चार कलमं मंजूर करून घेतली. पूर्वनियोजन एकच आहे. आदामात गमावलेलं इच्छास्वातंत्र्य ख्रिस्तात परत मिळतं. देवाला सर्वांचं तारण हवं आहे: जे वाचतात ते वाचवणाऱ्याच्या देणगीने, जे नाश पावतात ते आपल्याच करणीने. आणि ख्रिस्ताने सर्वांसाठी दुःख सोसलं. या चौथ्या कलमात एक चित्र आहे. तारणाचा प्याला औषधाने भरलेला आहे. सर्वांना गुण येईल इतकं सामर्थ्य त्यात आहे. पण तो प्यायलाच नाही तर गुण येत नाही.

त्या सगळ्या वादात इतकं स्वच्छ वाक्य दुसरं नाही. औषध अपुरं नाही, वैद्य पक्षपाती नाही, दोष न पिणाऱ्याचा. कोणालाही पटावं असं आहे. आणि बरोबर इथेच गॉट्शाल्कचा प्रश्न उभा राहतो. रोगी अंथरुणाला खिळलेला आहे, त्याचा हातच उठत नाही, हाच तर त्याचा रोग आहे. मग प्याला त्याच्या ओठांशी कोण नेतो? रोगी स्वतः नेत असेल तर तो मुळात तितका आजारी नव्हता आणि पेलाजियस बरोबर ठरतो. वैद्य नेत असेल तर शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या ओठांशी तो का नेला नाही?

दोन बाजूंत खरा वाद असेल तर तो इथे आहे, या दोन खाटांच्या मध्ये. कियेर्झीची कलमं दुसऱ्या खाटेबद्दल बोलत नाहीत. ८५५मध्ये वालाँसला जमलेले लियाँकडचे बिशप बोलले. निवडलेल्यांचं जीवनासाठी आणि दुष्टांचं मरणासाठी पूर्वनियोजन त्यांनी उघडपणे कबूल केलं. पण लगोलग त्यांनी हेही घातलं की निवडीत देवाची दया माणसाच्या पुण्याच्या आधी येते आणि दंडात माणसाचं पाप देवाच्या न्यायाच्या आधी येतं. म्हणजे दोन्ही हालचाली सारख्या नाहीत. एकीकडे देव पहिलं पाऊल टाकतो, दुसरीकडे माणूस. माझ्या मते या प्रकरणातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. दुसऱ्या खाटेचं कोडं ते सोडवत नाही, पण ते कोडं तिथे आहे हे लपवतही नाही. आणि हे वाक्य गॉट्शाल्कने नाकारलं असतं असं त्याच्या उरलेल्या लिखाणात मला कुठे दिसत नाही.

८५९च्या सव्होनियेरच्या सभेत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि निर्णय पुढे ढकलला गेला. ८६०मध्ये त्युझे इथे हिंकमारच्या हातचं पत्र निघालं. त्यात सर्वांच्या तारणाची इच्छा आहे, कृपा आहे, कृपेने बरी झालेली मोकळी इच्छा आहे, आणि 'दुहेरी' हा शब्द नाही. तह झाला. जो माणूस या वादाचं कारण होता त्याला मात्र कोणी बोलावलं नाही.

ओव्हिलेर

तो ओव्हिलेरच्या मठात कोंडलेला होता. कियेर्झीने त्याच्यावर कायमचं मौन लादलं होतं, तरी त्याने तिथून दोन विश्वासकबुल्या लिहिल्या, एक छोटी आणि एक दीर्घ. दीर्घ कबुलीत एक मागणी आहे. राजा, बिशप, मठवासी आणि लोक जमू द्या. चार पिंपं ओळीने ठेवा, उकळत्या पाण्याचं, तेलाचं, चरबीचं आणि डांबराचं, आणि शेवटी मोठा जाळ. देवाचं नाव घेऊन मी एकेकात उतरेन. धडधाकट बाहेर आलो तर माझं म्हणणं खरं माना.

हिंकमारला यात वेड दिसलं, आजच्या वाचकालाही तेच दिसेल. मला त्यात ८२९चा तो विशीतला मुलगा दिसतो. बऱ्याच अभ्यासकांना त्याच्या आयुष्यात विसंगती वाटते. तरुणपणी 'माझ्या इच्छेविना मला बांधता येणार नाही' म्हणून भांडणारा माणूस पुढे 'माणसाची इच्छा काही करू शकत नाही' असं शिकवतो, हे कसं? मला ती विसंगती वाटत नाही. तो दोन वेगळ्या न्यायासनांपुढे बोलत होता. माणसांपुढे त्याने आपलं स्वातंत्र्य कधीच सोडलं नाही. बापाच्या नवसापुढे नाही, राबानुसपुढे नाही, राजापुढे नाही. देवापुढे त्याने ते पूर्णपणे सोडलं, कारण तिथे आपलं म्हणावं असं काही उरतच नाही, अशी त्याची खात्री होती. ज्यांनी त्याला शिक्षा दिली ते देवापुढे माणसाची इच्छा मोकळी आहे असं शिकवत होते, आणि त्याला मात्र त्यांनी माणसांपुढे बोलण्याचीही मोकळीक दिली नाही. इच्छास्वातंत्र्यावर जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा ही दोन स्वातंत्र्यं एकच समजली जातात. त्यांतलं एक नाकारणारा दुसऱ्यासाठी जीव देऊ शकतो, हे या एका आयुष्यात स्वच्छ दिसतं.

त्याच्या मठातला गुंटबर्ट नावाचा मठवासी त्याचा अर्ज घेऊन रोमला पळाला. पोप निकोलस पहिला याने विचारणा केली होती आणि हिंकमारला खुलासे करावे लागले. पण ८६७मध्ये निकोलस वारला आणि अर्ज तिथेच राहिला. पुढे साधारण वर्षभरात, ८६८च्या सुमाराला, गॉट्शाल्क मरणाला टेकला. हिंकमारने विश्वासाचा एक मसुदा लिहून पाठवला. हा मान्य केलास तर प्रभुभोजन मिळेल, मंडळीच्या विधीने मूठमाती मिळेल. सुमारे वीस वर्षांच्या कोंडवासानंतर त्याच्यापुढे तो मसुदा ठेवण्यात आला. त्याने तो नाकारला. प्रभुभोजन मिळालं नाही, विधीही झाला नाही.

त्याच्या दोन्ही विश्वासकबुल्या १६३१ साली आयर्लंडमधला आर्चबिशप जेम्स अशर याने छापल्या, तेव्हा प्रोटेस्टंट जगात हाच वाद नव्याने पेटलेला होता. बाकीचं लिखाण गेलं असंच सगळे समजत होते. १९३० साली झेरमँ मोरँ या बेनेडिक्टाइन अभ्यासकाला स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या ग्रंथालयात एका जुन्या हस्तलिखितात गॉट्शाल्कची पानं सापडली. पूर्वनियोजनावरचे लेख त्यात होतेच. त्यांच्याबरोबर लॅटिन व्याकरणावरची टिपणंही होती, आणि त्यांतलं एक टिपण 'इन' या एका शब्दयोगी अव्ययावर होतं: ते कोणत्या विभक्तीबरोबर आलं की काय अर्थ होतो, त्याबद्दल.